कोड नऊ

१२ मार्च २००७, सोमवार. आचरा

नोकरी लागली! आजपासून मी 'नौबिंदू टेक्नॉलॉजीज, पुणे' या कंपनीची विक्री प्रतिनिधी. कार्ड छापून येणार आहे. कुडाळला दोन खोल्यांचं ऑफिस आहे. त्यात आमचे साहेब मितेश सर, यंत्रं बसवणारा आमच्याच गावचा ब्रॅंडन आणि मी. पुण्यात मात्र दोन वर्षांत बारा माणसांची नव्वद झालीत म्हणे.

विकायचा आहे एक पिवळा डबा. मच्छीमार बोटीच्या केबिनवर खांब उभा करून त्यावर तो बसवायचा. संकटात लाल बटण दाबलं की बोटीची जागा पुण्याच्या नियंत्रण कक्षात दिसते आणि तिथून बंदरावर, पोलिसांना, घरच्यांना फोन जातात. तिथे चोवीस तास माणूस बसलेला असतो.

बाबांनी जाळ्यातून मान वर न करता विचारलं, "तांडेल बटान दाबतलो की सुकाणू धरतलो?" गुडघ्यापायी होडी विकून चार वर्षं झाली, तरी आमचे बाबा, बाबली तांडेल, मनानं अजून दर्यावरच आहेत. आई म्हणाली, "तिका जाव दी. बीकॉम करून घरात बसान काय करतली?"

आईचं ऐकलं.

२४ मार्च, शनिवार. पुणे

प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस. आम्हा अकरा जणांना शिकवणारे साहेब म्हणाले, "तुम्ही यंत्र विकत नाही. किनाऱ्यावर वाट बघणाऱ्या बाईची झोप विकता." हे मी वहीत दोनदा लिहून घेतलं. आईला लहानपणापासून बघतेय, झोप न लागणं म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको.

दुसरं पक्कं करून घेतलं ते असं: गिऱ्हाइकाला सांगायचं, काहीही झालं तरी डब्याजवळून हलू नका. पुण्यात जागा दिसते ती डब्याची. माणसाची नाही.

नियंत्रण कक्ष दाखवला. काचेची खोली, तीन संगणक. दोन खुर्च्यांवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही. तिसऱ्या खुर्चीवर जान्हवी नावाची मुलगी पडद्याकडे बघत डबा खात होती. मी विचारलं, "चोवीस तास कोण असतं?" ती हसून म्हणाली, "मीच ती चोवीस तास." गमतीशीर मुलगी आहे. आपला नंबर दिला, काही अडलं तर फोन कर म्हणाली.

बाकीची माणसं पुढच्या महिन्यात भरणार आहेत. कंपनी वाढत असली की असं असायचंच.

९ एप्रिल, सोमवार. आचरा

दोन आठवडे एकही डबा गेला नव्हता. पुरुष माझ्याशी बोलतच नाहीत. बाबलीची मुलगी, "बाबलीचा चेडू", म्हणून चहा देतात आणि विषय बदलतात. काल रडू आलं होतं. आज सकाळी किनाऱ्यावर लिलाव चालू असताना बायकांमध्ये जाऊन बसले.

आमच्या शेजारच्या लवूकाकांची बायको, हौसाकाकी, बांगडे वाटे करून मांडत होती. मी सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बटान दाबलां तर कळतला कोणाक?"

"पुण्याक."

"पुण्याचो माणूस माझ्या घोवाक वळाखता?"

सगळ्या हसल्या. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "मी वळाखतंय मा? मी आसंय, काकी."

हौसाकाकीनं हात पुसले. मग तिनं तिथूनच नवऱ्याला हाक मारली. लवूकाका आले, म्हणाले, "तुझ्या तोंडाकडे बगान घेतंय हां, प्रेमा." मी त्यांना बटण दाखवलं आणि डब्याजवळून हलायचं नाही हे दोनदा बजावलं. "थंय बसान काय करू, डब्याचा तोंड बघू?" म्हणाले. मग माझा चेहरा बघून गंभीर झाले. "बरां. डब्याजवळ."

पहिली विक्री. डबा क्रमांक ०४१७. दुपारपर्यंत आणखी दोन बायकांनी नवऱ्यांना हाका मारल्या.

३० मे, बुधवार. कुडाळ

पुण्याहून कागद आलाय. कंपनी नवी माणसं भरते आहे, म्हणून विक्री विभागातल्या सगळ्यांनी 'येथे काम करताना मला काय वाटते' यावर दहा ओळी लिहून द्यायच्या. निवडक मतं फोटोसकट वेबसाइटवर येणार.

मी खरं ते लिहिलं. उन्हात पायपीट होते. पुरुष ऐकून घेत नाहीत. पण एखादी बाई डबा घ्यायचं ठरवते तेव्हा आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो असं वाटतं. लिहिताना मलाच छान वाटलं.

ब्रॅंडननं एकच ओळ लिहिली: 'चौतीस डबे बसवले, बटण दाबल्यावर उचलणारा वाढवला का?' मी म्हटलं, "अरे, असां लिवतत? नोकरी जायत."

"मत इचारल्यानी ना? ह्यां माझा मत."

ब्रॅंडनला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते.

२१ जून, गुरुवार

वेबसाइटवर माझा फोटो! कुडाळच्या सायबर कॅफेत जाऊन पाहिला. मागे होडी, पुढे मी. खाली मात्र माझ्या ओळी नाहीत. लिहिलंय: 'माझे वडील खोल समुद्रात असतात, पण नौबिंदूमुळे मी निर्धास्त झोपते.'

बाबा तर ओसरीवर असतात. मितेश सरांना विचारलं, तर म्हणाले, "भावना तीच आहे ना? शब्द आमचे."

भावना तीच आहे, हे खरंच. आईला प्रिंट आणून दिली. ब्रॅंडनचं मत कुठे दिसलं नाही.

७ ऑगस्ट, मंगळवार. कुडाळ

जान्हवीनं नोकरी सोडली. सरांनी सहज बोलता बोलता सांगितलं. तिच्या जागी कोण आलं विचारलं तर म्हणाले, "व्यवस्था केली आहे. क्षेत्रानुसार विभागणी." मोठ्या कंपन्यांत अशीच भाषा असते. मग कंपनीनं मला दिलेला मोबाइल त्यांनी मागून घेतला, पुण्याला फोन लावून त्याचा नंबर कुणाला तरी वाचून दाखवला आणि परत दिला. म्हणाले, "आकड्यांचे मेसेज आले तर घाबरू नकोस, सिस्टिमची चाचणी चालू आहे. वाचून काढून टाकायचे."

पंधरा तारखेला पावसाळी मासेमारीबंदी उठते. बोटी निघायच्या आत वीस डबे विकायचं उद्दिष्ट आहे.

२९ ऑगस्ट, बुधवार

काल नारळीपौर्णिमा. नारळ सोडून झाल्यावर प्रत्येकानं आपापलं बटण दाबून बघितलं, आणि नेमके चाचणीचे मेसेजही कालच आले. बाबा रे! वीस-बावीस तरी असतील. सगळे एकसारखे: कसला तरी क्रमांक, 'कोड ९', मग टिंबं असलेले लांबलचक आकडे. मोबाइलची मेमरी भरून पाकिटाचं चित्र लुकलुकायला लागलं. भरलं की नवे मेसेज येतच नाहीत, जुने काढावे लागतात. सगळे एकेक करून काढताना अंगठा दुखला. पुण्याच्या लोकांनी चाचणी तरी सणाचा दिवस सोडून करावी.

३ ऑक्टोबर, बुधवार

ब्रॅंडननं राजीनामा दिला. आता इन्व्हर्टर बसवणार. जाताना म्हणाला, "प्रेमा, एकदा बटान दाबून बघ आणि पुण्याक फोन लाव. कोण उचलता ता बघ."

मी लावला नाही. चिडूनच लावला नाही. माझे डबे एकसष्ट झालेत. सगळ्या जिल्ह्यांत पहिली आहे मी.

२८ ऑक्टोबर, रविवार. पुणे

आजचा दिवस कसा लिहू! वार्षिक विक्री मेळावा, मोठं हॉटेल, दीडशे माणसं. कोकण विभागात मला पहिलं बक्षीस मिळालं. मोठ्या साहेबांनी मला स्टेजवर बोलावलं आणि म्हणाले, "या मुलीनं यंत्र विकलं नाही, विश्वास विकला." टाळ्या. आई इथे असायला हवी होती.

एक कटकट झाली, ती मोबाइलची. सभागृहात आवाज बंद ठेवायला सांगितलं होतं, पण माझा पर्समध्ये सारखा थरथरत होता. भाषणाच्या मध्येच चाचणी! दोनच्या सुमाराला एक, मग लगेच दुसरा, चारच्या पुढे तिसरा. तिन्ही काढून टाकले. नंतर बक्षिसाबद्दल सगळ्यांचे अभिनंदनाचे मेसेज आले आणि मेमरी भरली. ते काढवत नाहीत. पाकीट लुकलुकतंय, लुकलुकू दे.

२९ ऑक्टोबर, सोमवार. पुणे

सकाळी साडेदहाला बाबांचा फोन आला, मच्छीमार सोसायटीतून. बाबा फोन करत नाहीत कधी. म्हणाले, "लवू काल सांजेक येवचो होतो. अजून इलो नाय. चौघे आसत होडयेत. तुझ्या डब्यात काय दिसता बघ."

मितेश सर नाश्ता करत होते, त्यांच्याकडे धावले. ते उठून बाजूला गेले, फोन लावला, दोन मिनिटांत परत आले. "सिस्टिम क्लिअर आहे. एकही अलार्म नाही."

बाबांना तेच सांगितलं. बटण दाबलेलं नाही, म्हणजे धोका नाही. डिझेल संपलं असेल, देवगडला लागले असतील. बाबा म्हणाले, "तीन होडये शोधूक काढतत."

"बाबा, संध्याकाळपर्यंत थांबा. काय झालां असता तर काकान बटान दाबल्यान असता."

ते म्हणाले, "तू म्हणतंस तर थांबाक सांगतंय."

यंत्राचा उपयोग हाच. पूर्वी अशा वेळी अख्खं गाव दर्यावर धावायचं. तरी मन लागत नाहीये. जेवणात श्रीखंड होतं, गेलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं निघते.

३० ऑक्टोबर, मंगळवार. आचरा

एसटीतून उतरले तर स्टँडवर कुणी माझ्याशी बोलेना. घरी आई दारातच उभी होती. लवूकाकांची होडी बुडाली. तिघे वाचले. काकांचा पत्ता नाही.

सर्वेशकडे गेले. तो काकांचा पुतण्या, काल अंधार पडताना देवगडच्या एका बोटीनं त्याला आणि दोघा खलाशांना पाण्यातून काढलं. मिठानं त्याचे ओठ फुटलेत.

रविवारी दुपारी पाण्याखालून वाहत आलेला ओंडका लागला. फळी फुटली, इंजीन पाण्याखाली गेलं, मोबाइल भिजले. होडी पुरती बुडाली नाही, केबिनचं छप्पर आणि खांब वर राहिला. चौघे छपराला धरून रात्रभर राहिले. काल सकाळी आठच्या सुमाराला लांब डोंगराची रेघ दिसली, तेव्हा तिघांनी रिकामे कॅन छातीला बांधले.

"काकाक म्हटलंय, चल. नाय म्हणालो. म्हणालो, डब्याजवळसून हलाचा नाय, प्रेमान सांगल्यान हा. दाबी होतो बटान, घडये घडये दाबी होतो. म्हणालो, 'प्रेमाक कळलां असतला. तिका कळलां म्हणजे माणसां येतली.'"

मी म्हटलं, "सर्वेश, डबो बंद पडलो असतलो. पुण्याक काय पोचूक नाय. मी स्वतः इचारलंय."

"दिवो पेटा होतो," तो म्हणाला. "लाल दिवो पेटा होतो, प्रेमा."

मला कळत नाही. दिवा पेटतो म्हणजे सिग्नल जातो. मग गेला कुठे?

३१ ऑक्टोबर, बुधवार. दुपार

लिहिलं नाही तर वेड लागेल.

सकाळी किनाऱ्यावर होते. बोटी परवा संध्याकाळपासून शोधतायत, पण कुठे शोधायचं तेच माहीत नाही. नऊ वाजता मितेश सरांचा फोन आला, "तुला महत्त्वाचा मेसेज पाठवतोय, पोचत नाहीये. मेमरी मोकळी कर." मी अभिनंदनाचे मेसेज काढायला लागले. दहाबारा काढले असतील.

मोबाइल हातात थरथरला. मग परत. मग परत. थांबेचना. मोजले. आठ.

बीटी ०४१७ कोड ९.
बीटी ०४१७ कोड ९.

आठही तेच. खाली ते टिंबांचे आकडे, तारीख आणि वेळ. अठ्ठावीस तारीख, संध्याकाळचे सहा पन्नास. बाकी सगळे एकोणतीस तारखेचे.

०४१७. माझी वही पर्समध्येच होती. उघडायची गरज नव्हती. पहिला डबा कसा विसरेन? पण रविवारी तीनदा तो आकडा डोळ्यांसमोर येऊनही मी वाचला नव्हता. नुसता काढून टाकला होता.

बसले तिथेच वाळूत. पुळणीवर कोण कोण होतं आठवत नाही. एकच कळत होतं, काका म्हणाले ते बरोबर होतं. मलाच कळलं होतं. पुण्याला नाही. मला.

मग उठले आणि ब्रॅंडनच्या घरी धावले. त्यानं मोबाइल बघितला, माझ्याकडे बघितलं. कागदावर आकडे उतरवून घेतले. "मुणग्याच्या भायर दर्यात, धा-बारा किलोमीटर. शेवटचो नंबर सोमवारचो तीन धाचो." बाबा गुडघ्याची पर्वा न करता होडीत चढले. ब्रॅंडनही गेला.

जान्हवीला फोन लावला. ती म्हणाली, "मी सोडल्यावर सगळे अलार्म त्या त्या भागातल्या प्रतिनिधींच्या मोबाइलवर वळवले. मी एकटी सहा महिने त्या खोलीत बसले होते, मला रजाच नव्हती, म्हणून सोडलं. प्रेमलता, तुला सांगितलं नाही त्यांनी? कोड नऊ म्हणजे काय ते तरी?"

नाही. आणि मी विचारलंही नाही.

संध्याकाळ

परत आले. केबिनचं छप्पर सापडलं. खांब उभा होता, डबा होता. दिवा मिणमिणत होता, ब्रॅंडन म्हणाला. काका नव्हते. खांबाला त्यांचा पंचा बांधलेला होता. गाठ सुटली नव्हती, पंचा फाटला होता.

बाबांनी तो पंचा हौसाकाकीकडे नेऊन दिला. मी गेले नाही.

१ नोव्हेंबर, गुरुवार

घरात आईला आणि बाबांना सांगितलं. आई भिंतीकडे तोंड करून बसली. बाबांनी विचारलं, "सोमवारी माका थांब म्हणालंस, तेव्हा तो जिवंत होतो?"

"होय."

"मी थांबयलंय होडयो," ते म्हणाले. "माझ्या तोंडान."

तोवर माझ्या डोक्यात फक्त मीच होते. बाबांचं काय झालं असेल, हे तेव्हा कळलं.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

मितेश सर गाडी घेऊन घरी आले. पत्र टाइप करून आणलं होतं. 'ग्राहकाने यंत्राची बॅटरी सूचनेप्रमाणे चार्ज ठेवली नसल्याने संदेश प्राप्त झाला नाही. सदर सूचना मी ग्राहकास समक्ष दिली होती.' खाली माझं नाव, सहीला जागा.

मी म्हटलं, "संदेश प्राप्त झालेत सर. अकरा."

सरांनी पत्र खाली ठेवलं. "कुणाला माहीत आहे?"

"तुम्ही मला चाचणी म्हणून सांगितलंत."

"मला वरून तसं सांगायला सांगितलं. माणूस भरेपर्यंत, तात्पुरतं." त्यांनी रुमाल काढून मान पुसली. "खरं सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? दिवसरात्र मोबाइल हातात धरून बसली असतीस?"

"होय," मी म्हटलं.

हे खरं आहे का, ते मला माहीत नाही. नोकरी सोडली असती बहुतेक. पण त्यांना होय म्हटलं.

"मग सोमवारी सिस्टिम क्लिअर कुणी सांगितलं?"

"त्या खोलीतला फोन कुणी उचललाच नाही." ते जमिनीकडे बघत होते. "अलार्म असता तर तू सांगितलंच असतंस, असं मी धरून चाललो."

म्हणजे मी त्यांच्यावर विसंबले होते आणि ते माझ्यावर. दोन मिनिटं ते नुसता वाजणारा फोन कानाला लावून उभे होते.

जाताना त्यांनी मोबाइल मागितला, कंपनीची मालमत्ता म्हणून. बाबा उठून दारात उभे राहिले. सर निघून गेले. पत्र ओसरीवरच राहिलं, आईनं ते चुलीत घातलं.

४ नोव्हेंबर, रविवार

मच्छीमार सोसायटीत सभा घेतली. एकसष्ट डब्यांपैकी पन्नासच्या वर मालक आले, आचऱ्याचे, मालवणचे, तळाशिलचे. मी उभी राहून सगळं सांगितलं. बटण दाबलं तर पुण्यात कुणी नसतं. मेसेज माझ्या मोबाइलवर येतो. लवूकाकांचे आले आणि मी काढून टाकले.

शिव्या येतील, कुणी अंगावर धावून येईल, असं धरून चालले होते. तसं काही झालं नाही. मागून एक म्हातारे म्हणाले, "म्हणजे दोन महिने आमी दर्यात कोणाच्या भरवशार होतो?" एकजण बाहेर गेला आणि त्याच्या ओकारीचा आवाज आला. त्याची दोन्ही मुलं याच मोसमात नव्यानं बोटीवर जायला लागलीत.

सभेतून पोलीस ठाण्यात गेलो, मी, बाबा, ब्रॅंडन, सोसायटीचे चेअरमन. तक्रार लिहून घेतली, मोबाइल पंचनामा करून ठेवून घेतला. त्याआधी मी आठही मेसेजच्या वेळा कागदावर उतरवून घेतल्या. का, ते माहीत नाही. राजीनामा पोस्टात टाकला. पुण्याचा नंबर लागत नाही. ब्रॅंडननं संध्याकाळी कॅफेत जाऊन बघितलं, वेबसाइटवरून माझा फोटो काढलाय. त्या जागी दुसरी मुलगी आहे. तिच्या मागेही होडी.

घरी येताना बाबा म्हणाले, "पयलां जंय सांगूक होया थंय सांगलंस नाय."

मला माहीत आहे. पन्नास पुरुषांसमोर बोलणं सोपं होतं.

६ नोव्हेंबर, मंगळवार

आज गेले.

हौसाकाकी मागच्या पडवीत बसली होती. कपाळ रिकामं बघून मी उंबऱ्यावरच थांबले. तिनं आत ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. म्हणाली, "सगळ्या गावाक सांगलंस. माका सोडून."

मी खाली बसले. सांगायला तोंड उघडलं तर म्हणाली, "ता माका कळलां. सर्वेश सांगल्यान. माका वेळ सांग. बटान दाबल्यान त्येची वेळ."

मी कागद काढला.

"भटजीन रविवारची तिथी धरल्यान," ती म्हणाली. "सर्वेश म्हणता सोमवारी सकाळी आठाक होतो. त्येच्या फुडे कोणाक म्हायत नाय. वर्साक श्राद्धाची वाडी घालूची ती कधी घालू? वाच."

रविवारचे तीन मी काढून टाकले, त्यांची वेळ नीट सांगता येणार नाही, असं म्हटलं. तिनं मान हलवली. मग मी वाचलं. रविवार, संध्याकाळी सहा पन्नास. सोमवार, सहा दहा. सात पाच. आठ चाळीस.

"हयसर एकटो," ती म्हणाली.

नऊ तीस. अकरा पंचेचाळीस. एक वीस. तीन दहा.

ती बोटांच्या पेरांवर मोजत होती. शेवटच्या पेरावर अंगठा थांबला. "तीन धा. म्हणजे दुपारचो जेवणवेळ सरान गेल्लो."

"होय."

"तेव्हा तू खंय होतंस?"

"पुण्याक. हॉटेलात." मग सांगूनच टाकलं, "साडेदहाक बाबाचो फोन इल्लो. मीच सांगलंय, थांबा म्हणान."

मला वाटलं, आता ती ओरडेल. मारेल. मारावं असंच वाटत होतं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्या हातातल्या कागदाकडे बघत राहिली. तिला वाचता येत नाही, तरी बघत राहिली. बाहेर कुणीतरी तिला हाक मारली. तिनं ओ दिली नाही.

"सोमवारची धरूक सांगतंय भटजीक," ती म्हणाली. मग, "परत वाच. सावकाश."

मी पहिल्यापासून वाचायला लागले.